गाईच्या भ्रूणाचे विभाजन करून एकसारखी जुळी वासरे : काय साधते आणि काय साधत नाही

प्रश्न : आमच्याकडे एक अतिशय चांगली गीर गाय आहे आणि भ्रूण प्रत्यारोपणाची सोयही आता आवाक्यात आली आहे. एकाच भ्रूणाचे दोन भाग करून हुबेहूब जुळ्या कालवडी मिळवता येतात असे वाचनात आले. हे खरोखर होते का, ते कसे करतात, अशा दोन्ही कालवडी सारखेच दूध देतील का आणि आमच्या गोठ्याला ते परवडेल का?

उत्तर : हे खरोखर होते आणि गेली चाळीसहून अधिक वर्षे होत आले आहे. प्रत्यारोपणाचे काम करणाऱ्याकडे सूक्ष्मदर्शक, बारीक पाते आणि स्थिर हात असेल, तर भ्रूण दोन भागांत कापणे हा त्या कामातला सर्वांत अवघड टप्पाही नव्हे. मात्र भ्रूण कापले म्हणजे जुळी मिळाली, असे होत नाही. विभाजनाने एका भ्रूणामागे मिळणाऱ्या वासरांची सरासरी वाढते. दोन्ही अर्धे भाग जगून जोडी हाती येणे ही त्यातली कमी वेळा घडणारी गोष्ट आहे. आपल्या प्रश्नाचा निकाल याच फरकावर लागतो, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

केंब्रिजमध्ये काम करणारे डॅनिश शास्त्रज्ञ स्टीन विलाडसेन यांनी १९७९ मध्ये मेंढीच्या दोन पेशींच्या भ्रूणातील पेशी वेगळ्या करून एकसारखी जुळी कोकरे मिळवल्याचे प्रसिद्ध केले आणि पुढच्या दोन वर्षांत तीच पद्धत त्यांनी गाईच्या भ्रूणांवर वापरली. इतक्या कोवळ्या अवस्थेत भ्रूणाचे पारदर्शक कवच एकदा फाटले की मादीच्या बीजनलिकेत त्या पेशी टिकत नाहीत. यावर त्यांनी शोधलेला उपाय असा होता : वेगळी केलेली प्रत्येक पेशी रिकाम्या कवचात घालायची, ते कवच अगारच्या (जेलीसारख्या घट्ट पदार्थाच्या) नळकांडीत बंद करायचे, ते सारे काही दिवस मेंढीच्या बांधलेल्या बीजनलिकेत वाढवायचे, मग बाहेर काढून, अगार सोडवून, शेवटच्या मादीत ठेवायचे. कल्पना सुंदर होती, पण एका भ्रूणासाठी दोनदा शस्त्रक्रिया करणे गोठ्यावर कोणाला जमणार? फ्रान्समध्ये ओझिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ च्या सुमारास सहा-सात दिवसांचे, म्हणजे थेट गर्भाशयात ठेवता येण्याजोगे भ्रूण कापून गाईत जुळी मिळवली, तेव्हा हे काम प्रयोगशाळेबाहेर पडले. त्यानंतर अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठात जॉर्ज सायडेल यांच्या गटाने आणि इतरांनी पद्धत आणखी सोपी केली. आज जी पद्धत वापरली जाते ती मूलतः त्याच काळातली आहे.

अर्ध्या भ्रूणापासून अर्धे वासरू का होत नाही, हे समजले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. माजाचा दिवस शून्य धरला तर सातव्या दिवशी गाईचे भ्रूण घट्ट चिकटलेल्या पेशींचा गोळा असतो किंवा नुकतीच आत पोकळी धरलेली पुटिका असते. त्याचा व्यास मिलिमीटरचा सहावा-सातवा हिस्सा आणि पेशी साधारण शंभराच्या आसपास असतात. बाहेरच्या थरातील पेशींपासून पुढे वार तयार होते आणि आतल्या बाजूला असलेल्या लहानशा पुंजक्यापासून वासरू घडते. या वयात त्या पुंजक्यातील कोणत्याही एका पेशीवर पाय, डोळा किंवा शेपूट अशी जबाबदारी अजून पडलेली नसते. त्यामुळे निम्म्या पेशी काढून घेतल्या तरी उरलेल्या पेशी विभागत राहून संपूर्ण गर्भ उभा करतात. अशी वासरे जन्मतः लहान वा खुरटी नसतात. त्यांचे जन्मवजन सर्वसाधारण वासरांइतकेच भरते.

मग दोनच का, चार भाग का नकोत, असे नेहमी विचारले जाते. भ्रूणात पोकळी कधी धरायची याचे वेळापत्रक पेशींच्या संख्येवर नव्हे, तर फलनानंतर लोटलेल्या काळावर आणि झालेल्या विभाजनांच्या फेऱ्यांवर चालते. चतकोर भागही ठरल्या वेळीच पोकळी धरतो, पण तेव्हा त्याच्याकडे एवढ्या थोड्या पेशी असतात की बहुतेक सगळ्या बाहेरच्या थरात खर्ची पडतात आणि आतला पुंजका नावापुरताच उरतो. एका भ्रूणापासून चार वासरे मिळवण्याचे प्रयत्न झालेले आहेत, परंतु चारही भाग तगण्यावर भिस्त ठेवावी असे ते तंत्र नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येतो. दाता गाईला, म्हणजे जिचे भ्रूण घ्यायचे त्या गाईला, ऋतुचक्राच्या मध्याला, साधारण आठव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान, एकावेळी अनेक अंडी पक्व करणाऱ्या एफएसएच संप्रेरकाची इंजेक्शने चार दिवस सकाळ-संध्याकाळ, उतरत्या मात्रेने देतात. तिसऱ्या दिवशी प्रोस्टाग्लँडिन हे संप्रेरक देऊन पीतपिंड (अंडाशयावरची गाभण टिकवणारी गाठ) विरघळवतात. गाय माजावर आली की बारा तासांच्या अंतराने दोनदा कृत्रिम रेतन करतात आणि सातव्या दिवशी गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांत रबरी नळी बसवून, कोमट द्रावणाने गर्भाशय धुऊन, भ्रूण गाळणीत गोळा करतात. येथपर्यंत साध्या प्रत्यारोपणात आणि विभाजनात काहीही फरक नाही. कापायला मात्र यातले सगळे भ्रूण घ्यायचे नसतात. ज्याच्या पेशी एकसंध आहेत, रंग एकसारखा आहे आणि कवचाखाली सुटलेल्या, मेलेल्या पेशींचा कचरा जवळजवळ नाही, असेच पहिल्या प्रतीचे भ्रूण घ्यावे. दुय्यम भ्रूण कापून दोन वासरे मिळवण्याच्या हावेत जे एक मिळाले असते तेही बहुधा जाते.

कापण्याची क्षणभराची क्रिया पाहण्यासारखी असते. भ्रूण रक्तजल किंवा अल्ब्युमिन नसलेल्या, थोडी साखर घातलेल्या द्रावणाच्या थेंबात ठेवतात. साखरेमुळे पेशींतील पाणी थोडे बाहेर येते आणि गोळा कवचापासून किंचित सुटतो. प्रथिन नसल्यामुळे भ्रूण प्लास्टिकच्या बशीच्या तळाला चिकटते आणि धरून ठेवायला वेगळी पिपेट लागत नाही. भ्रूणाला पोकळी असेल तर ते असे फिरवून घ्यायचे, की पाते आतल्या पुंजक्याच्या बरोबर मधून जाईल. पुंजका एकाच बाजूला गेला तर दुसऱ्या बाजूला फक्त वारेचा माल राहतो आणि त्याचे वासरू कधीच होत नाही. मग उलट्या (खालून पाहणाऱ्या) सूक्ष्मदर्शकावर, सूक्ष्मचालकाला, म्हणजे अगदी बारीक हालचाल करणाऱ्या यंत्राला, जोडलेले पाते हळूहळू खाली आणायचे. पाते टेकताच कवच आधी दबते, दोन्हीकडे फुगते, आणि मग एकाएकी फाटून पेशी दोन बाजूंना सरकतात. पाते तळाला पूर्ण टेकवून किंचित मागे-पुढे केले नाही, तर दोन भाग पेशींच्या एका बारीक धाग्याने जोडलेले राहतात. कापताना ओळीतल्या काही पेशी फुटतातच. एक भाग कवचात राहतो, दुसरा उघडा पडतो. त्यानंतर रक्तजल असलेले द्रावण सोडले की दोन्ही भाग तळापासून सुटतात आणि पुढच्या अर्ध्या-एक तासात कडा मिटवून पुन्हा गोल होतात. ही गोलाई आली नाही तर तो भाग गाईत ठेवण्यात अर्थ नसतो.

या वयाच्या भ्रूणाचे भाग उघडे, म्हणजे कवचाविना ठेवले तरी चालतात. रिकाम्या कवचात पुन्हा भरण्याची जुनी मेहनत आता बहुतेक जण घेत नाहीत. मात्र कवच फाटण्याचा एक परिणाम गोठ्यावर कोणाच्या लक्षात येत नाही. भ्रूणाद्वारे रोग पसरू नये म्हणून ते ठरावीक पद्धतीने वारंवार धुण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांचा सगळा भरवसा अखंड कवचावर आहे. कापलेल्या भ्रूणाला तो लागू पडत नाही. म्हणून दाता गाय आणि वळूचे रेत या दोन्हींची ब्रुसेलोसिस (सांसर्गिक गर्भपात) आणि आयबीआर, बीव्हीडी हे विषाणूजन्य रोग यांसारख्या रोगांसाठी तपासणी झालेली असणे इथे दुप्पट महत्त्वाचे ठरते.

यापुढे सारे काही ग्राही गाईवर, म्हणजे जिच्या गर्भाशयात भ्रूण ठेवायचे त्या गाईवर, अवलंबून असते. तिचा माज दाता गाईच्या माजाशी एका दिवसाच्या आत जुळलेला हवा. हात घालून किंवा सोनोग्राफीने पीतपिंड कोणत्या अंडाशयावर आहे ते पाहून, भ्रूणाचा अर्धा भाग ज्यात भरला आहे ती पाव मिलिलिटरची कांडी (बारीक नळी) गर्भाशयाच्या त्याच बाजूच्या शिंगात रिकामी करायची. अर्ध्या भ्रूणाबाबत मी हा नियम अखंड भ्रूणापेक्षा कडक पाळतो आणि त्याला कारण आहे. आपण गाभण आहोत हे गाईला साधारण पंधराव्या ते सतराव्या दिवशी कळते, तेही भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून सुटणाऱ्या इंटरफेरॉन टाऊ या प्रथिनामुळे. तो निरोप वेळेत पोहोचला नाही तर पीतपिंड विरघळतो आणि गाय पुन्हा माजावर येते. अर्धे भ्रूण या शर्यतीत मागून सुटलेले असते. पुढच्या आठवडाभरात ते अंतर भरून काढते खरे, पण ग्राही गाय एक-दोन दिवस पुढे असेल तर त्याला तेवढीही सवड मिळत नाही. हे ओळखून काही संशोधकांनी अर्ध्या भ्रूणासोबत दुसऱ्या भ्रूणाच्या बाह्य थराचे तुकडेही ठेवून पाहिले होते. गोठ्यावर तो खटाटोप करावा असे मला वाटत नाही. ग्राही नीट निवडली तर त्याहून जास्त फायदा होतो.

आता हिशेब. चांगल्या परिस्थितीत पहिल्या प्रतीचे ताजे अखंड भ्रूण ठेवले तर शंभर ग्राहींपैकी सुमारे साठ गाभण राहतात आणि कुशल हाताने कापलेला अर्धा भाग ठेवला तर पन्नासच्या आसपास. समजा आपल्याकडे दहा भ्रूण आहेत. ते अखंड ठेवले तर दहा ग्राहींपैकी सहा गाभण राहतील. कापले तर वीस भाग होतील, वीस ग्राही लागतील आणि दहा गाभण राहतील. दहा भ्रूणांवर दहा वासरे, हा फायदा उघड आहे. परंतु जोडी किती मिळतील? एक भाग जगण्याची शक्यता निम्मी, दोन्ही जगण्याची निम्म्याची निम्मी, म्हणजे दहा भ्रूणांत दोन किंवा तीन जोड्या. बाकीची वासरे एकेकटीच जन्माला येतील. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, खाद्याची ओढाताण असताना आणि मुक्या माजाच्या (माजाची लक्षणे न दाखवणाऱ्या) ग्राहींमध्ये हे आकडे खाली येतात. अखंड भ्रूण शंभरात चाळीस आणि अर्धा भाग तीस धरला तर दहा भ्रूणांमागे चारऐवजी सहा गाभण राहतील, पण पूर्ण जोडी जेमतेम एक. शिवाय वीसपैकी चौदा ग्राही रिकाम्या राहतील, त्यांना फुकट चारा घालावा लागेल आणि त्यांचा एक माज वाया जाईल, हा खर्च कोणत्याही दरपत्रकात लिहिलेला नसतो.

दोन्ही भाग एकाच ग्राहीत, दोन शिंगांत एकेक असे ठेवले तर ग्राहींची संख्या वाचते. हा मोह पुष्कळांना होतो. जुळ्यांच्या गाभणकाळात वेळेआधी विणे, वासरू आडवे येणे, वार अडकणे आणि पुढच्या वेताला गाय उशिरा माजावर येणे हे सारे एकेरी गाभणीपेक्षा जास्त दिसते. आमच्याकडे एक संकरित ग्राही दोन अर्ध्या भागांवर गाभण राहिली होती. तिला शेवटच्या दोन महिन्यांत वेगळे बांधून, खुराक वाढवून, रात्रपाळीला माणूस ठेवावा लागला. पहिले वासरू मागच्या पायांनी आले. दोन्ही वाचली, पण गाईची वार दोन दिवस पडली नाही. लहान चणीच्या देशी गाईत मी एकाच वेळी दोन भाग ठेवणार नाही.

एका भीतीला मात्र इथे जागा नाही. गाईला नर-मादी जुळे झाले तर दोघांच्या वारेतील रक्तवाहिन्या एकमेकींना मिळतात आणि त्यातली कालवड दहापैकी नऊहून अधिक वेळा वांझ निघते, हे आपल्याकडे जाणत्या पशुपालकांना ठाऊक असते. एका भ्रूणाचे दोन भाग एकाच लिंगाचे असल्यामुळे त्यांच्यात हे घडूच शकत नाही. अट एवढीच की ग्राहीला त्याच माजावर चुकून रेतन केलेले नसावे. रेतन झालेले असेल आणि सोबत नर वासरू वाढले, तर सगळ्यांत मोलाची कालवड भाकड निघायची.

दोघी दिसायला आणि दुधाला सारख्या असतील का, याचे उत्तर अर्धे होय आहे. त्यांची जनुके एकच असतात. नुसत्या पेशीकेंद्रापासून बनवलेल्या क्लोनपेक्षाही त्या एकमेकींच्या जवळच्या असतात, कारण क्लोन करताना पेशीकेंद्र एका प्राण्याचे आणि अंड्याचा रस दुसऱ्याचा असतो. इथे दोन्ही भाग एकाच अंड्यातून आलेले असल्याने तो रसही समान असतो. कर्नाल येथील राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९ मध्ये जन्मलेल्या क्लोन केलेल्या म्हशीच्या पारड्यांच्या बातम्या आपण वाचल्या असतील. ते तंत्र वेगळे आणि हे वेगळे. असे असूनही अंगावरचे ठिपके आणि पट्टे जुळ्यांत तंतोतंत जुळत नाहीत. रंगाच्या पेशी गर्भावस्थेत पाठीच्या कण्याकडून खाली सरकत जातात आणि कोणती पेशी कुठे थांबेल हे जनुके काटेकोर ठरवत नाहीत. काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन जुळ्यांत हा फरक लांबूनही दिसतो. नाकपुडीवरच्या रेषांचा ठसाही दोघींचा वेगळा असतो.

दुधाबाबत सांगायचे तर एका वेतातील दुधाच्या फरकांपैकी साधारण पाव ते तिसरा हिस्सा आनुवंशिक असतो आणि उरलेला भाग चारा, हवामान, विण्याचे वय, कासेचे आजार आणि सांभाळ यांचा असतो. एका जुळीला पहिल्या दोन तासांत पोटभर चीक मिळाला आणि दुसरीला उशिरा मिळाला, तर पहिल्या वर्षातच फरक पडतो. म्हणून समान जनुकांच्या दोन कालवडी एकाच गोठ्यात वाढवल्या तर त्या बऱ्यापैकी जवळ राहतील, पण आकडा लिटराला लिटर जुळेल असे समजू नये. नेमक्या याच कारणाने संशोधकांना ही जुळी हवी असतात. न्यूझीलंडमधील रुआकुरा येथील केंद्राने भ्रूण कापण्याचे तंत्र येण्याच्या कितीतरी आधी देशभरच्या गोठ्यांतून नैसर्गिक एकसारखी जुळी गोळा करून त्यांच्यावर चराईचे आणि खाद्याचे प्रयोग केले होते. एकीला एक खाद्य आणि दुसरीला दुसरे दिले की जो फरक दिसतो तो खाद्याचाच असतो, आणि मोठ्या कळपाऐवजी थोड्या जोड्यांवर काम भागते. विभाजनाचे खरे स्थान माझ्या मते आजही तिथे आहे.

नोंदीबाबत एक सूचना कोणी देत नाही, म्हणून देतो. एकाच भ्रूणातून आलेल्या दोन वासरांची डीएनए चाचणी एकच निकाल देते. ती खरोखर एकाच भ्रूणाची आहेत का हे पाहायला ती उपयोगी पडते, पण कोणती कोणती हे ती सांगू शकत नाही. शिवाय एकाच गाईत वाढलेल्या साध्या जुळ्यांचेही रक्त वारेतून मिसळलेले असते, त्यामुळे नमुना रक्ताऐवजी केसांच्या मुळांचा द्यावा. बारा अंकी कानबिल्ला जन्मल्या दिवशी लावून घ्यावा आणि दोन्ही अंगांचे, चेहऱ्याचे फोटो व नाकाचा ठसा जवळ ठेवावा. बिल्ले तुटून पडले, तर ठिपके आणि नाकाचा ठसा यांखेरीज दुसरा पुरावा उरत नाही.

आता आपल्या गीर गाईविषयी. उत्तेजनाला देशी गाईचा प्रतिसाद फार चढ-उताराचा असतो; एका वेळी आठ भ्रूण देणारी गाय पुढच्या वेळी एकही देत नाही. या अडचणीवर भ्रूण कापणे हा उपाय नाही. गीरसारख्या झेबू (वशिंडाच्या) गाईंच्या अंडाशयांत लहान पुटक (अंडी असलेले फोड) मोठ्या संख्येने असतात, म्हणून सोनोग्राफीच्या मदतीने त्यातून अंडी शोषून प्रयोगशाळेत फलन करणे त्यांना जास्त मानवते, आणि ब्राझीलने गीरमध्ये तेच मोठ्या प्रमाणावर केले आहे. राष्ट्रीय गोकुळ मिशन या केंद्र सरकारच्या योजनेखाली आपल्याकडेही ही सोय उभी राहत आहे. पंधरा दिवसांच्या अंतराने अंडी काढता येतात आणि लिंगनिर्धारित रेत वापरले तर बहुतेक कालवडीच होतात. असे प्रयोगशाळेत बनलेले भ्रूण कापताही येते, पण ते मुळात गर्भाशयातून धुऊन काढलेल्या भ्रूणापेक्षा नाजूक असते. त्याचे भाग गोठवून ठेवले तर बरेचसे वितळवताना जातात. एक भाग गोठवून ठेवावा, दुसऱ्याच्या कालवडीचे दूध पाहावे आणि मगच पहिला वापरावा, ही कागदावर छान दिसणारी योजना याच ठिकाणी अडते.

तेव्हा आपण अखंड भ्रूणच ठेवावेत. विभाजनाचा विचार मी एकाच परिस्थितीत करीन : गाय वयस्क किंवा आजारी आहे, धुतल्यावर एक-दोनच उत्तम भ्रूण निघाले आहेत, ती पुन्हा भ्रूण देईल याची खात्री नाही, आणि त्याच सकाळी माज जुळलेल्या, पीतपिंड पक्का असलेल्या चार ग्राही दावणीला उभ्या आहेत. असे असेल तर मी भ्रूण कापून दोन्ही भाग ताजेच, दोन वेगवेगळ्या ग्राहींत, तासा-दोन तासांच्या आत ठेवीन, अठ्ठाविसाव्या ते तिसाव्या दिवशी सोनोग्राफी करीन आणि साठाव्या दिवशी पुन्हा तपासीन, कारण अर्ध्या भ्रूणाची गाभण मधल्या महिन्यात गळण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. ग्राही चारऐवजी दोनच असतील, तर तेही करू नये.